जहाजावरची सही

दुकानाच्या भिंतीवर ते चित्र वर्षभर होतं. हिरव्या पाण्यात सरळ उभे दगडी डोंगर आणि त्यांच्यामधून जाणारं पांढरंशुभ्र जहाज. खाली कन्नडमध्ये लिहिलं होतं, वर्षात तीनशे पंप विका आणि चार दिवस या जहाजावर राजासारखे राहा. राणीचा उल्लेख कुठेच नव्हता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुकान बेंगळुरूजवळ येलहंक्यात, बोअरच्या पंपांचं. आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं, ते इथलंच झालं. घरात मराठी बोलतो, पण लिहितो कन्नडमध्ये. माझे यजमान पंच्याऐंशी साली गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, एजन्सी घरातल्या पुरुषाच्या नावावर करावी लागेल. घरातला पुरुष म्हणजे माझे धाकटे दीर, शंभूराज. त्यांना पंपाचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हेही ठाऊक नव्हतं, पण मिशा होत्या. एजन्सी त्यांच्या नावावर झाली आणि गल्ल्यामागच्या खुर्चीवर मी बसले.

भावोजी वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. वाईट व्हायलासुद्धा थोडे कष्ट पडतात. ते अकराला दुकानात यायचे, पेपर वाचायचे, कॉफी घ्यायचे आणि "वैनी, जरा जाऊन येतो" म्हणून जायचे ते दुसऱ्या दिवशी अकरालाच उगवायचे. गिऱ्हाइकं माझी. द्राक्षमळेवाला देवाप्पा ट्रॅक्टर दारात उभा करून हाक मारायचा, "अक्का, साडेतीनशे फुटांवर पाणी लागलंय. कुठला घालू?" मी पाण्याची पातळी विचारायची, मळा किती लांब आहे ते विचारायची, त्याच्याकडे वीज किती तास असते ते विचारायची. मग सांगायची, पाच एचपीचा घे, साडेसातचा हट्ट धरू नकोस. तो म्हणायचा, "तुम्ही म्हणाल तर सरी." सरी म्हणजे ठीक. अशी माझ्या शब्दावर पंप नेणारी माणसं थेट देवनहळ्ळीपर्यंत होती.

प्रत्येक पंपामागे एक वॉरंटी कार्ड असायचं. त्यावर विक्रेत्याची सही त्याच दिवशी हवी, आणि ती कंपनीच्या बेंगळुरूतल्या हेड ऑफिसात नीट तपासायचे. भावोजी कुठे सापडणार? पहिल्याच महिन्यात त्यांनी जुन्या बिलाच्या पाठीवर मला शिकवलं. "वैनी, सोपं आहे. लांब एस, मग दोन वेटोळी, खाली रेघ, रेघेखाली दोन ठिपके." मला इंग्रजी येत नव्हतं, पण ते चित्र मी गिरवलं. दोन महिन्यांत माझी शंभूराजची सही शंभूराजांपेक्षा चांगली यायला लागली. त्यानंतर अकरा वर्षांत कंपनीकडे गेलेल्या एकाही कागदाला भावोजींचा हात लागला नाही. कार्डं, पत्रं, दरवर्षीचं एजन्सीचं नूतनीकरण, सगळं माझ्या हातचं. मला त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही. उलट घरातलं एक काम आपल्याला चांगलं जमतं याचा अभिमान वाटायचा. इतकी मी शहाणी.

शहाण्णव सालात आमचे तीनशे बारा पंप गेले. जहाजाचं पत्र आलं, विक्रेता आणि घरातलं एक माणूस. भावोजींच्या बायकोला, हर्षिताला, सातवा महिना होता. डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं आणि मला हो मिळालं. पण भावोजी जेवताना म्हणाले ते वेगळंच. "वैनी, ही ट्रिप खरं तर तुमचीच. मी आपला तुमच्या सोबतीला. तिथे स्टेजवर बक्षीस देतात, भाषण करायला लावतात. त्यात मी तुमचं नाव घेणार. अंबाभवानीची आण." माझा घास हातातच राहिला. खोटं कशाला बोलू, मला त्या डोंगरांचं फारसं काही नव्हतं. मला माइकमधून माझं नाव ऐकायचं होतं. एकदा, चारचौघांत, हे पंप जमनाबाईंनी विकले असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. बाकी समुद्र काय, असला काय आणि नसला काय.

पासपोर्टाच्या अर्जावर माझी स्वतःची सही लागली. कन्नडमध्ये एकेक अक्षर लिहीत गेले तेव्हा खिडकीमागचा कारकून म्हणाला, "अक्का, स्वल्प लवकर. मागे रांग आहे." ते मी हसण्यावारी नेलं.

मद्रासहून विमानानं सिंगापूर आणि तिथून जहाज. कर्नाटकातले तीस-पस्तीस विक्रेते सहकुटुंब. जहाज म्हणजे काय, पायाखाली घोटा बुडेल एवढा गालिचा, काचेची लिफ्ट, वरच्या मजल्यावर पोहायचा तलाव. समुद्रात जाऊन तलावात पोहायचं, ही श्रीमंती मला समजली नाही. खोलीतल्या पलंगावर टॉवेलाची घडी घालून हंस करून ठेवला होता. तो मोडायला जीव होईना, म्हणून पहिले दोन दिवस मी तोंड पदरालाच पुसलं.

खोलीत माझ्याबरोबर कंपनीच्या हेड ऑफिसातली सुचेता होती. पुण्याची, दोन वर्षांपूर्वी बेंगळुरूला आलेली, इंदिरानगरात भाड्यानं राहणारी. माझी मराठी ऐकून तिला भारी मजा वाटली. "काकू, किती क्यूट बोलता तुम्ही!" म्हणाली. मग म्हणाली, "तुमच्या दिरांची फाइल माझ्याकडेच असते. इतकी नीट कार्ड्स कुणाचीच येत नाहीत. बाकीच्यांचं हॉरिबल असतं, कुणीही सह्या ठोकतं. त्यांची सही तर मी डोळे मिटून ओळखेन. सेम टू सेम, दरवेळी." मी खिडकीकडे तोंड केलं. गाल गरम झाले होते. माझ्या कामाचं कौतुक मी पहिल्यांदाच तोंडावर ऐकत होते आणि ते दुसऱ्याच्या नावावर होतं. तिला सांगून टाकावं असं ओठांवर आलं. म्हटलं, उद्या स्टेजवरून भावोजी सांगणारच आहेत, आपण कशाला घाई करा.

भाषण अर्थात मीच लिहून दिलं. दोन पानं, कन्नडमध्ये. पंप विकण्याआधी शेतकऱ्याला काय विचारावं, विकल्यावर किती दिवसांनी मळ्यावर माणूस पाठवावा, सगळं. शेवटचं वाक्य लिहिताना मला उगीचच लाज वाटली, तरी लिहिलं: हे सगळं माझ्या वैनींनी, जमनाबाईंनी केलं. भावोजींनी माझ्यासमोर ते वाचलं, मान डोलावली आणि कागद खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या हॉलमध्ये समारंभ झाला. आधी बायकांना हळदकुंकू आणि खण. डायरेक्टर कृष्णमूर्तींच्या पत्नी तबक घेऊन रांगेतून आल्या. माझ्यापाशी आल्या, माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि तबक पुढच्या बाईकडे गेलं. त्या वाईट वागल्या नाहीत, रीतीनं वागल्या. अकरा वर्षं तबकं माझ्यावरून अशीच पुढे जातात. जाऊ दे, म्हटलं, आपलं येणारं माइकमधून येणार आहे.

भावोजींचं नाव पुकारलं. ते उठले, कोट ओढला, माझी दोन पानं छान वाचली. आवाज चांगला आहे त्यांचा. विक्रेते माना डोलावत होते, एक-दोघं लिहून घेत होते. दुसरं पान संपत आलं तशी मी पदर सारखा केला. उठून उभं राहावं लागेल की बसूनच नमस्कार करायचा, एवढंच मला ठरत नव्हतं.

भावोजींनी शेवटच्या ओळीवर कागद दुमडला.

"आता मनातलं स्वल्प बोलतो," ते म्हणाले. "माझे थोरले भाऊ गेले. वैनी एकट्या. घर आणि दुकान, एवढंच त्यांचं जग. तिकीट आलं तेव्हा मी म्हटलं, बायकोला काय, पुढेही नेईन. आधी वैनींना जग दाखवू. त्या तिथे बसल्यात, बघा. जमनाबाई."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. तीस-पस्तीस विक्रेते आणि त्यांच्या बायका मागे वळून माझ्याकडे बघायला लागल्या. कृष्णमूर्ती माइकमध्ये म्हणाले, "अशी माणसं आता राहिली नाहीत." माझं नाव घेतलं होतं. कबूल केल्याप्रमाणे, माइकमधून, सगळ्यांसमोर. आणि मी काय केलं? मी हात जोडले. त्या हातांचा मला अजून राग येतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज त्या खाडीत शिरलं. चित्रातले डोंगर आले, अगदी तसेच, पाण्यातून सरळ वर. सगळे डेकवर जमले. बायका येऊन येऊन सांगायच्या, "अक्का, नशीब काढलंत. असा मैदुन कुणाला मिळतो?" इकडे दिराला मैदुन म्हणतात. मी म्हणायची, "हो ना." पाचव्या बाईनंतर मी मागच्या बाजूला जाऊन कठड्यापाशी एका खुर्चीवर बसले. डोंगर सुंदर होते. मला ते बघवत नव्हते.

पुढच्या डेकवर टेबल मांडलं होतं. बेंगळुरूच्या अख्ख्या उत्तर भागाची मोठी एजन्सी कंपनीनं शंभूराजना दिली होती आणि डोंगरांच्या पुढ्यात करारावर सह्या करून फोटो काढायचा होता. लांबून सगळं दिसत होतं. भावोजींनी ऐटीत पेन फिरवलं. सुचेतानं फाइल उघडली, एक कार्ड काढलं, करारापाशी धरलं. मग तिचा आवाज आला. "सर, सॉरी हं, पण ही मॅच होत नाहीये. आम्हाला कार्डवरच्या सहीशी टॅली करावी लागते, रूल आहे." कृष्णमूर्तींनी चष्मा वर केला. भावोजी हसले, जहाज हलतंय म्हणाले, नवा कागद मागितला, "जरा शांतपणे बसून करून आणतो" म्हणाले आणि तडक माझ्याकडे आले.

घामाघूम झाले होते. "वैनी, पटकन. इथे खाली."

"काल काय बोललात स्टेजवर?"

"आता ते कशाला? लोक थांबलेत."

"शेवटची ओळ मी लिहिली होती, भावोजी. ती तुम्ही वाचून दाखवली होती मला."

त्यांनी मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वैनी, इतक्या लोकांत आमच्या घरची बाई धंदा करते आणि मी बसून खातो असं सांगू? माझं सोडा, दादाचं नाव काय राहिलं असतं? मी मान दिला ना तुम्हाला? सगळे टाळ्या वाजवत होते. करा सही. एजन्सी गेली तर दुकानच गेलं. बसाल कुठे तुम्ही?"

हे शेवटचं त्यांनी प्रेमानं विचारलं. दुकान गेलं तर मी बसेन कुठे, याची खरी काळजी त्यांच्या चेहऱ्यावर होती, आणि तीच मला सहन झाली नाही. अकरा वर्षांत मी कुणावर इतकी संतापले नव्हते. मनात म्हटलं, दे तो कागद. विक्रेत्याची सही हवी ना, विक्रेत्याचीच करते. जमनाबाई. बघू दे त्या पोरीला, बघू दे कृष्णमूर्तींना, जुळते का बघा म्हणावं. मग मीच तिथे जाऊन सगळ्या कार्डांचं सांगेन. एजन्सी जायची तर जाऊ दे.

मी पेन घेतलं. चष्मा पदरानं पुसला. मोकळी ओळ शोधली आणि पेन टेकवलं.

लांब एस. दोन वेटोळी. रेघ. रेघेखाली दोन ठिपके.

मी जाणूनबुजून केली नाही. मला थांबवायचं सुचेपर्यंत ती पुरी झाली होती. इतक्या वर्षांत पेन त्या ओळीवर टेकलं की हात एकच गोष्ट करायला शिकला होता आणि माझा राग त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. कागदावर शंभूराज होते, नेहमीसारखे, सुबक.

"हां, सरी!" म्हणत भावोजींनी कागद माझ्या हाताखालून ओढून घेतला आणि गेले. थोड्या वेळानं सुचेताचा आवाज आला, "परफेक्ट, सर! आता कशी जुळली!" टाळ्या झाल्या. फोटोवाला मागे सरकत सरकत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "अक्का, जरा बाजूला होता? डोंगर मागे हवेत."

मी बाजूला झाले. पेन माझ्याकडेच राहिलं होतं. कॉफीबरोबर दिलेल्या कागदी रुमालावर मी माझं नाव लिहायला घेतलं. पेन रुमालात रुतत होतं. पहिलं अक्षर वाकडं आलं, म्हणून खोडून पुन्हा लिहिलं. मग पुढचं. पाचही अक्षरं पुरी करून मान वर केली तेव्हा जहाज खाडीतून बाहेर आलं होतं आणि चहूकडे नुसतं पाणी होतं.