मावशींनी धुतलेला पडदा

मावशींनी अंधारखोलीचं दार आतून लावून घेतलं आणि माशांच्या रिकाम्या टाक्यांच्या मधोमध स्टूल ओढून बसल्या. सकाळचे साडेदहा वाजले होते. फरशी पुसायची राहिली होती, पण आज फरशी गेली खड्ड्यात.

प्रयोगशाळेतल्या संशोधक मुलीला सरांनी सकाळीच ऐकवलं होतं. तिचं काम माशांच्या डोळ्यातल्या मागच्या पडद्यावर चाललं होतं. उजेड पडला की त्या पडद्यातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, आणि निरोप पोचला की त्यातल्या काही पेशी डोपामिन नावाचं रसायन भराभर बनवायला लागतात. अंधारात तेच काम थंडावतं. हे तिने डबा खाताना समजावलं, तेव्हा मावशींना लगेच पटलं होतं. त्यांचा नवराही खिडकी उघडल्याशिवाय कामाला हलत नसे.

पण सलग तीन वेळा अंधारातल्या माशांचे डोपामिनचे आकडे उजेडातल्या माशांच्या जवळपास आले. सरांचं म्हणणं, मोजण्यात हलगर्जी होतेय. चौथ्यांदा असंच झालं तर विषय बदला. दोन वर्षांचं काम पाण्यात जाणार होतं. यंत्र तपासून तपासून मुलगी रडकुंडीला आली. खोली मात्र कुणी तपासली नव्हती. दिवा बंद, दार बंद, म्हणजे अंधार, असं सगळे धरून चालले होते.

मावशींना आधी काहीच दिसेना. अर्ध्या तासाने डोळे सरावले आणि मांडीवरच्या हाताची बोटं मोजता आली. त्यांनी दाराकडे पाहिलं. दाराच्या काचेवरचा जाड काळा पडदा चार महिन्यांपूर्वी त्यांनीच घरी नेऊन धुतला होता, कुणी न सांगता. वास मारतो म्हणून सोड्याच्या पाण्यात चांगला उकळला होता. वास गेला, पण कापडही विरलं. आता त्यातून बाहेरचा उजेड झिरपत होता.

गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. नोकरी कंत्राटी होती. पण त्या पोरीचं रडवेलं तोंड डोळ्यांपुढून हलेना. मावशी थेट सरांच्या खोलीत गेल्या.

"सर, चूक पोरीची नाही, माझी आहे. जरा येऊन अंधारात बसा."

सर आले, बसले आणि दोन मिनिटांत म्हणाले, की इथे तर काळोखच आहे. मावशींनी त्यांना उठू दिलं नाही.

"घाई करू नका. अजून डोळ्यांत बाहेरचा उजेड आहे."

सर बसून राहिले. इतका वेळ एका जागी त्यांना घरच्यांनीही कधी बसवलं नसेल. अखेर स्वतःची पांढरी बाही दिसली, मग टाक्यांच्या कडा दिसल्या, आणि ते हसायलाच लागले. रागवायचं विसरले म्हणा ना. बाहेर येऊन आधी त्यांनी मुलीची माफी मागितली.

नवं दुहेरी कापड मावशींनी स्वतः शिवलं. महिन्याभराने आकडे आले: उजेडातले वर, अंधारातले पार खाली. मुलीने मावशींना अशी मिठी मारली की हातातली बादली लवंडली. फरशी मग मुलीनेच पुसली.

तेव्हापासून अंधारखोलीत पाठ टेकायची खुर्ची आहे. प्रत्येक प्रयोगाआधी मावशी तिच्यावर अर्धा तास बसतात. बाहेर मुलगी, सर, कधी पाहुणे म्हणून आलेले मोठे शास्त्रज्ञ हलक्या आवाजात बोलत उभे असतात. आतून दारावर मावशींची टकटक ऐकू आली, की मगच मासे आत न्यायचे.