भावजींनी पाहिलेला शेवट

"वहिनी, लवकर या! साहेब सोडतोय बघा त्यांना!"

मी डबा घेऊन केबिनमध्ये शिरले, तर मधूभावजी झरोक्याला नाक लावून हसत होते. माझ्या कडेवरच्या मीनलला उचलून त्यांनी पडदा दाखवला. अंबरनाथ पूर्वेच्या त्या थिएटरात आमचे हे प्रोजेक्टरवर ऑपरेटर. पडद्यावर तीन उनाड पोरं चोरीचा माल परत करत होती. इन्स्पेक्टरने तिघांना एकेक टपली मारली आणि मिठीत घेतलं. खाली एकच हशा.

कंपनीला टाळं लागल्यापासून भावजी घरीच. उल्हासनगरच्या टोळक्यात ऊठबस. त्यांच्याच नादाने मागल्या आठवड्यात आनंदनगरच्या एका कारखान्यातून तांब्याच्या तारेचं भेंडोळं उचललं. ते कुळगावला आमच्या खाटेखाली गोणपाटात पडून होतं.

"दादा, मी पण देऊन टाकतो. हात जोडतो. फार तर एक कानफटात बसेल."

"मध्या, ते पिक्चर आहे रे."

"मग काय, भंगारवाल्याला विकू?"

हे काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात पडदा अंधारला, खालून शिट्ट्या आल्या, आणि हे मशीनच्या दिव्यातल्या जळत आलेल्या कार्बनच्या कांड्या सरकवायला वळले.

दुसऱ्या दिवशी भावजी आंघोळ करून, आईंच्या पाया पडून, भेंडोळं सायकलला बांधून गेले. कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनने पोलिसांना बोलावलं. तिथल्या मागच्या सगळ्या चोऱ्या त्यांच्याच अंगावर आल्या.

संध्याकाळी ह्यांनी ताट बाजूला सारलं.

"उमा, त्या पिक्चरचा शेवट तसा नाही गं. मिठीनंतर बेड्या आहेत. लोक तोंड पाडून बाहेर पडायला लागले, म्हणून मालकाने तेवढं काढायला लावलं. मीच रीळ कापलं."

"मग सांगितलं का नाहीत त्यांना?"

"म्हटलं, माल तरी घरातून जाईल."

सकाळी मी मीनलला घेऊन चौकीत डबा द्यायला गेले. भावजी गजांशी आले.

"वहिनी, मी आपणहून आणून दिलं, हे सांगितलंत ना साहेबांना?"

"सांगितलं."

"हसले?"

पलीकडे टेबलाशी साहेब चहा पिता पिता कुणाशी तरी बोलत हसत होते.

"हो," मी म्हणाले.

भावजींनी केसांवरून हात फिरवला, शर्टाचं वरचं बटण लावलं. चपला बाहेर काढून घेतलेल्या होत्या, तिकडे बोट केलं.

"तेवढ्या जवळ सरकवा ना."

मी त्या उचलल्या आणि गजांपाशी नीट जोडीने ठेवल्या.