डाव्या कमरेचा खिसा

मस्कतजवळच्या अल हैलमधल्या एका घरात जेवणाच्या टेबलावर सहा वस्तू मांडलेल्या होत्या. नारंगी रंगाचे एक सिग्नल पिस्तूल. मोठा आवाज करणाऱ्या काडतुसांची एक डबी, आत काडतुसे चार. एक शिट्टी. एक विजेरी. सुरक्षेच्या नियमांचे एक पुस्तक. एक स्टॉपवॉच. साल २००३, महिना ऑक्टोबर. मी त्या सहांमध्ये नव्हतो. माझा तेव्हा जन्मच झाला नव्हता.

मित्रांनो, मी एक जुना चामडी खिसा आहे. पिस्तूल कमरेला अडकवायला जो खिसा लागतो, तो मी. मला होल्स्टर म्हणतात. माझे काम दोन शब्दांत सांगता येते. आत ठेवलेली वस्तू पडू द्यायची नाही, आणि मागितली की अडवायची नाही. पण घट्ट धरले तर निघत नाही आणि सैल सोडले तर पडते. या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात माझे अर्धे आयुष्य गेले.

ते घर भीमरावांचे. ते मस्कतमध्ये पाणीपुरवठ्याच्या कामावर अभियंता होते. त्यांची मुलगी स्नेहल प्राणिशास्त्र शिकून नुकतीच एका लहानशा प्रकल्पात लागली होती. दक्षिणेला, धोफारच्या डोंगरांत बिबट्यांची मोजणी चालली होती. खडकांना कॅमेरे बांधलेले असत. समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो निघे. त्या कॅमेऱ्यांपर्यंत चालत जाऊन रीळ बदलायला माणूस लागे. स्नेहलला ते चालणे हवे होते. मस्कतमधल्या कुरुमच्या ऑफिसात बसून फोटो लावणे तिला नको होते.

अडचण पुस्तकाची होती. ते एका बर्फाच्या देशातून आले होते. तिथे रानात काम करणाऱ्यांना अस्वले भेटतात. पुस्तकात लिहिले होते की, जे शस्त्र जड म्हणून गाडीत राहते, ते आपल्याजवळ नाहीच असे समजावे. आणखी एक नियम होता. कमरेचे पिस्तूल तीन सेकंदांच्या आत हातात येऊन समोर धरले गेले पाहिजे. ज्याला जमत नाही, त्याने रानात जाऊ नये. प्रकल्पाच्या प्रमुख वसुंधरा मॅडमनी तो नियम जसाच्या तसा उचलला होता. चाचणी पुढच्या शनिवारी होती.

"ओमानमध्ये अस्वल आहे का?" स्नेहलच्या आई गिरिजाबाईंनी भाजी वाढता वाढता विचारले.

"नाही," भीमराव म्हणाले.

"मग नियम कशाला अस्वलाचा?"

"बिबट्याचं पुस्तक अजून कोणी लिहिलं नाही."

"आणि खरं पिस्तूल का नाही? हे तर पोरांचं खेळणं दिसतंय."

"आई, ज्यांना मोजायला जातोय त्यांनाच मारायचं?" स्नेहल म्हणाली. "मागे पंधरा बिबटे, पुढे चौदा, असा रिपोर्ट लिहू का? रायफल आमच्या रेंजरकडे असते. तीही आजवर वाजलेली नाही. मला फक्त आवाज हवाय. आणि आग लावणारं काडतूस नकोच, गवत वाळलेलं असतं."

भीमरावांनी मान डोलावली. युक्तिवाद त्यांना पटला. मुलीने डोंगरात जाणे मात्र पटलेले नव्हते. "तीन सेकंदांत काढून दाखव," ते म्हणाले. "मग मी काही बोलणार नाही."

माझा जन्म मस्कतच्या हमरिया भागातल्या एका अरुंद दुकानात झाला. तय्यबभाई रत्नागिरीकडचे. बुटांचे तळ, बॅगांच्या चेन आणि पट्टे शिवण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती. कोणीतरी गावी परतताना सोडून गेलेल्या एका चामडी सुटकेसच्या पाठीतून त्यांनी मला कापले. चामडे कापणाऱ्या रापीचा आवाज ही माझी पहिली आठवण आहे.

"बाय, धरून दाखव," असे म्हणून त्यांनी पिस्तूल स्नेहलच्या पुढे केले. तिने ते उजव्या हातात घेतले. वडीलधाऱ्या माणसाकडून काही घ्यायचे तर उजव्या हाताने घ्यायचे, हे तिच्या घरात होते आणि तय्यबभाईंच्या घरातही होते. तय्यबभाईंनी तिच्या मुठीचे माप घेतले, माझे तोंड उजव्या हाताच्या दिशेने तिरके कापले, आरीने छिद्रे पाडली आणि मेणाच्या दोऱ्याने मला उजव्या कमरेसाठी शिवले. एकाही टाक्यात चूक नव्हती.

पुढचे चार दिवस संध्याकाळी आम्ही गच्चीवर असायचो. पाण्याच्या टाक्यांच्या मधोमध स्नेहल रिकामे पिस्तूल घेऊन उभी राही आणि भीमराव स्टॉपवॉच धरत. तीन पूर्णांक नऊ सेकंद. तीन पूर्णांक सात. तीन पूर्णांक आठ. भीमराव अभियंता असल्यामुळे त्यांना दोष माझ्यात दिसला. त्यांनी माझ्या आत पावडर लावली, माझी टोपी, म्हणजे वरचे झाकण, अर्धा सेंटिमीटर कापली, पट्ट्यावर मला पुढे सरकवले, मग मागे सरकवले. तीन पूर्णांक सहा.

"चामडं कडक आहे," ते म्हणाले.

"चामडं ठीक आहे, पप्पा. मीच मंद आहे."

मला तेव्हा वाईट वाटले. तिची बोटे माझ्यापाशी येत, पण येण्याआधी थोडे थांबत. जणू आधी कुणाची तरी परवानगी घेत.

गुरुवारी गिरिजाबाई चहा घेऊन वर आल्या. "झालं का अस्वल मारून?" असे त्या म्हणतात तोच टाकीमागून कबुतरांचा थवा फडफडत उठला. स्नेहल दचकली. तिचा डावा हात विजेसारखा डाव्या कमरेवर आपटला. तिथे काही नव्हते. उजवा हात तेव्हा अजून जागचा हललाही नव्हता.

भीमराव घड्याळाकडे पाहत होते, त्यांना काही दिसले नाही. गिरिजाबाईंना दिसले. त्यांनी चहाचा ट्रे टाकीच्या कठड्यावर ठेवला.

मित्रांनो, स्नेहल जन्माने डावखुरी. लहानपणी ती डाव्या हाताने घास घ्यायची. गिरिजाबाई जेवताना तिचा तो हात आपल्या मांडीखाली हळूच दाबून धरायच्या आणि उजव्या हाताने वरण-भात कालवायला लावायच्या. पेन्सिलही तशीच उजव्या हातात गेली. सहा वर्षांची होईपर्यंत हात बदलला आणि घरातले सगळे ते विसरून गेले. स्नेहलसुद्धा.

शुक्रवारी सकाळी गिरिजाबाई मला पिशवीत घालून एकट्याच हमरियाला गेल्या.

"हे उसवा," त्या म्हणाल्या. "डाव्या कमरेला लावायचंय."

तय्यबभाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. "वहिनी, माप मी स्वतः घेतलंय. उजवा हात पुढं केलान तिनं."

"तुमच्यासमोर कसा करणार डावा? तुम्ही मोठे."

"असं होय." तय्यबभाई जरा वेळ मला उलटसुलट करत राहिले. "आमची धाकटी पण डावखुरी होती. माझ्या आईनं हाताला फडकं बांधलं होतं."

"मग?"

"मग काय? आता उजव्या हातानं चपात्या लाटते. सगळ्या वाकड्या." ते हसले. गिरिजाबाई हसल्या नाहीत. तेव्हा तय्यबभाईंनी रापी उचलली. "नमाजाच्या आधी देतो. छिद्रं मात्र राहतील हां, ती काय जात नाहीत."

ती छिद्रे माझ्या अंगावर अजून आहेत. एका बाजूला दोऱ्याने भरलेली, दुसऱ्या बाजूला रिकामी.

संध्याकाळी गिरिजाबाईंनी मला स्नेहलच्या डाव्या कमरेला स्वतः अडकवले. "याच हाताने," एवढेच त्या म्हणाल्या. मग घड्याळ सुरू झाले. भीमरावांनी ते दोनदा हलवून पाहिले, कानाला लावले, आणि पुन्हा एकदा काढायला सांगितले. शनिवारी कुरुमच्या ऑफिसात वसुंधरा मॅडमनी चाचणी घेतली. दोन पूर्णांक एक सेकंद. मॅडमनी स्नेहलच्या नावापुढे 'डोंगर' असे लिहिले.

त्यानंतरची पाच वर्षे माझी कामाची. हिवाळ्यात माझ्यावर दव पडे, उन्हाळ्यात पट्ट्याच्या घामाचे पांढरे डाग उमटत. आमचा रेंजर मुसल्लम डोंगरातलाच होता. रायफल खांद्यावर टाकून तो नेहमी पुढे चाले. पहिल्या दिवशी नारंगी पिस्तूल पाहून तो खूप हसला. "यल्ला, खेळणंवाली, चल!" असे तो म्हणे. पण त्यानेच तिला सांगितले की बिबट्या समोर आला तर पळायचे नाही. पळालेल्या वस्तूच्या मागे धावणे हा त्याचा स्वभाव आहे. "हातात काही असलं की माणूस उभा राहतो," मुसल्लम म्हणायचा. "मग ते खेळणं का असेना."

२००८ च्या शेवटी प्रकल्प संपला. पिस्तूल ऑफिसात परत गेले आणि मी अल हैलच्या घरी आलो. स्वयंपाकघरातल्या खणात रबरबँड, जुन्या किल्ल्या आणि मी असे राहू लागलो. कोणी तेल लावीना. एसीच्या कोरड्या हवेत माझ्या टोपीला भेगा पडल्या. पुढे गिरिजाबाईंनी माझ्यात कात्री ठेवायला सुरुवात केली. कात्री टोकदार असते, पण काही नसण्यापेक्षा ती बरी. तय्यबभाई दुकान बंद करून कायमचे गावी निघाले तेव्हा घरी चहाला आले होते. त्यांनी मला ओळखले. अंगठा रिकाम्या छिद्रांवरून फिरवला आणि म्हणाले, "खलास! माझ्या हातचं सगळ्यात वाईट दिसणारं काम हेच." मग खिशातून रुमाल काढून मला पुसले.

मित्रांनो, चामड्याच्या वस्तूला वर्षातून दोनदा तेल द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी येते. आणि घरातल्या लहान मुलाला काही देताना तो कोणता हात पुढे करतो, ते एकदा पाहा. तो हात तसाच राहू द्या. माझ्यासारखी उसवून पुन्हा शिवायची सोय प्रत्येकाला मिळत नाही.

एक प्रसंग सांगायचा राहिला. जानेवारी २००६, नुकते उजाडले होते. मुसल्लम वरच्या कॅमेऱ्याकडे चढत होता. स्नेहल खाली पाण्याच्या डबक्याजवळ वाकून रीळ बदलत होती. खडकाला वळसा घालून बिबट्या पाणी प्यायला आला आणि थांबला. तिचा डावा हात माझ्याकडे आला. मी अडवले नाही. पिस्तूल समोर धरून ती उभी राहिली. तिचे पाय जागचे हलले नाहीत. तिने चाप ओढला नाही. बिबट्याने तिच्याकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले, आणि आला तसा खडकामागे गेला.

मुसल्लम धावत खाली आला. स्नेहलने पिस्तूल आत ठेवून मला बंद केले आणि पिशवीतून टेप काढली. एक टोक तिने त्याला धरायला दिले. तिच्या बुटाच्या ठशापासून पंजाच्या ठशापर्यंत अंतर नऊ मीटर चाळीस सेंटिमीटर. पिस्तुलात काडतूस एक. डबीत तीन.