पंचफुलाबाईच्या यकृतातला पहारा

मित्रांनो, मी डोळ्यांना न दिसणारी एक जुनी पेशी आहे. लोह्याजवळच्या एका गावातल्या पंचफुलाबाईच्या उजव्या फासळ्यांखाली, यकृतात मी राहते. ती आईच्या पोटात होती तेव्हापासून आमचे घराणे इथेच पहारा देते. रक्तात जंतू दिसला की गिळायचा, एवढेच आमचे काम. बाईने ओढ्याचे पाणी प्यायले तरी आम्ही निभावून नेले. कौतुक कुणी केले नाही. पहारा नीट चालला की तो कुणाच्या ध्यानात येत नाही.

यंदा कपाशीची वाळली पऱ्हाटी उपटताना तिच्या तळपायात खुंट घुसला. तिने जखमेत चुना-हळद भरली, फडके बांधले आणि पुन्हा रानात गेली. जखम आतून चिघळली. जंतू रक्तात उतरले आणि झुंडीने माझ्या दारात आले. गिळून गिळून मी थकले, तेव्हा मदतीला हाक दिली. पांढऱ्या पेशी धावून आल्या आणि जंतूंवर जहर ओकू लागल्या. त्या जहरात यकृताच्या कामकरी पेशीही जळाल्या. तरी मी हाका मारतच राहिले. पित्त तुंबले. बाईचे डोळे पिवळे झाले.

"माय, कावीळ झाली तुला," मुलगा भुजंग म्हणाला. "चल, माळ घालून आणू."

"आन् पाय? भोपळ्यावानी सुजलाय की!" लेक दीपाली चिडली. "तापानं फणफणून राहिली ती. नांदेडला न्या."

"लई डाक्टरीण झालीस! पायाचं मागून बघू. आधी कावीळ उतरू दे."

झाडपाल्याच्या काड्यांची ती माळ डोक्यावर ठेवतात. काड्या सुकल्या की माळ सैल पडून लांबते, गळ्यात उतरते; लोकांना वाटते, कावीळ उतरली. बाईचीही माळ गळ्यात आली.

"बघ माय, उतरून राहिली," भुजंग हरखून म्हणाला.

ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. हा कोण, हेच तिला कळेना.

तेव्हा कुठे नांदेड गाठले. डॉक्टरीणबाईंनी पायाचे फडके सोडले. "ही कावीळ या जखमेतून आलीय. फार उशीर केलात."

औषधाने जंतू मेले. जळालेले यकृत मात्र पुन्हा उभे राहिले नाही.

आता बाईचे हृदय थांबले आहे, रक्तही जागीच थांबले आहे. इथे सगळे गार पडत चालले आहे. "माय, ऊठ, घरी जाऊ," एवढेच भुजंग म्हणतो आहे.

मित्रांनो, घरात कुणाची जखम चिघळली आणि ताप चढला, तर लगेच दवाखाना गाठा. आम्ही पहारेकरी एकदा भडकलो, की आम्हाला आवरणारे आत कुणी उरत नाही. ते बाहेरूनच यावे लागते, आणि वेळेवर.