उघड्या डोळ्यांची प्रार्थना

खारू दोन वर्षांची असताना डॉक्टरांनी तिच्या कानामागे घंटी वाजवली. ती ढिम्म हलली नाही. दचकली ती तिची आई.

त्याच दिवशी डॉक्टरांनी आईला बजावलं, "हिला खाणाखुणा करू देऊ नका. हातांनी काम भागायला लागलं की ही तोंड उघडायची नाही." आईने ते मनावर घेतलं. घरी येऊन तिने पलंगाशी गुडघे टेकले आणि देवाला शब्द दिला, तू हे लेकरू माझ्या हवाली केलंस, मी त्याच्यात काही उणं राहू देणार नाही.

ती शब्दाची पक्की होती. इस्पितळाच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं धुऊन, मोजून, हिरव्या कापडात बांधून वाफेच्या यंत्रात ठेवायची, हे तिचं काम. यंत्राची घरघर आणि ओलसर उकाडा. दिवसभर कुणाशी चार शब्द नाहीत. अकरा वर्षांत तिच्या गठ्ठ्यात एकही चिमटा कमी निघाला नव्हता. आईपणही तिने तसंच हाती घेतलं. खारू चार वर्षांची असताना तिचे वडील छातीच्या दुखण्याने गेले. मग घरात दोघीच उरल्या.

रोज सकाळी शाळेआधी पाऊण तास दोघी आरशासमोर बसत. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची, 'प' म्हणताना ती हलली पाहिजे. एक हात आईच्या गळ्यावर, एक स्वतःच्या, म्हणजे आवाज कुठे थरथरतो ते कळतं. बाकी सगळा वेळ हात मांडीखाली. ते वर आले की आई हळूच, न रागावता, परत खाली सारायची. ती कधीच रागवायची नाही, आणि याचा तिला थोडा अभिमानही होता.

खारूच्या दहाव्या वर्षी, मुलांच्या रविवारी, तिने चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभं राहून प्रार्थना म्हटली. आईनेच रचलेल्या अकरा ओळी. आवाज जाडाभरडा, पण शब्द न् शब्द कळत होता. माणसं डोळे पुसत होती. उपासना संपल्यावर पाळकबाईंनी आईचे दोन्ही हात धरले.

"आई कशी असावी, ते मंडळीने तुमच्याकडून शिकावं," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून महिन्यातून एकदा तरुण आयांसमोर बोलायचं काम तिच्याकडे आलं. त्या आपल्या चुका घेऊन तिच्याकडे येत. मुलाला मारलं, मुलीला खोटं सांगितलं, प्रार्थना करता करता झोप लागली. ती सगळं ऐकून घेई. आपल्या मनातलं कुणापाशी बोलावं, हे मात्र तिला सुचत नसे. जिच्याकडे सल्ला मागायला जायचं, तिला सहज म्हणून चहाला कुणी बोलवत नाही.

तेराव्या वर्षी शाळेने हात टेकले. मुलगी मागे पडतेय, बहिऱ्या मुलांच्या शाळेत घाला, म्हणाले. ती शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. आईला ते हरल्यासारखं वाटलं, पण इलाज नव्हता.

तीन महिन्यांनी एका दुपारी खारूला दाताच्या डॉक्टरांकडे न्यायला आई शाळेत गेली. मधली सुट्टी होती. अंगणात दहाबारा मुलींचं कोंडाळं होतं आणि मधोमध एक मुलगी हातांनी काहीतरी सांगत होती. तिचे गाल फुगत होते, भुवया नाचत होत्या, बोटं तर डोळ्याला ठरत नव्हती. मुली हसून हसून वाकल्या होत्या. किती गोड पोर, असं आईच्या मनात आलं. आणि मग त्या मुलीने मान वळवली.

खारूच होती ती. आईला पाहताच तिचे हात थांबले आणि चोरी पकडल्यासारखे पाठीमागे गेले.

बसमध्ये आईने तिच्याकडे तोंड करून विचारलं, "काय सांगत होतीस मैत्रिणींना?"

"काही नाही," खारू म्हणाली. प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ, आईने शिकवलं होतं तसं.

त्या संध्याकाळी जेवणाआधी आईने नेहमीप्रमाणे प्रार्थना सुरू केली. चार वाक्यं झाली आणि पुढचं सुचेना. तिने डोळे उघडले. समोर खारू डोळे गच्च मिटून, बोटांत बोटं अडकवून बसली होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, केवढी भाविक पोर. आई गप्प झाली तरी ती तशीच होती. तिला कळणार कसं? कळायचं ते डोळ्यांनी, आणि डोळे तर मिटायला लावलेले. बोलायचं ते हातांनी, आणि तेही बांधलेले.

आईने टेबलावरून हात काढले. लगेच खारूचे डोळे उघडले.

"संपलं, हे तुला कसं कळतं?"

"टेबल हलतं."

"मग तोवर काय करतेस?"

खारूने थोडा विचार केला. "आकडे. एक, दोन, तीन. दोनशे होतात. तुला बरं नसलं की चारशे."

"आणि चर्चमध्ये म्हटलीस, ती प्रार्थना? तिचा अर्थ?"

खारूने नकारार्थी मान हलवली. "तोंड कसं करायचं, ते पाठ होतं." मग आईचा चेहरा पाहून तिने घाईघाईने जोडलं, "तुला आनंद झाला होता."

जेवण तसंच निवून गेलं. देवाला उणं दाखवायचं नाही म्हणून तिने अकरा वर्षं जिवाचं रान केलं होतं, आणि लेकराला देवाच्याच दाराबाहेर आकडे म्हणत उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पाळकबाईंकडे गेली. "मला त्या आयांपुढे बोलायला लावू नका. माझं चुकलंय." तिने सगळं सांगितलं.

पाळकबाईंनी मायेनेच तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुम्ही फार लावून घेता हो. केवढं केलंत पोरीसाठी! देवाला तुमचा हेतू ठाऊक आहे."

"त्याला ठाऊक आहे. पण पोरीला काय ठाऊक आहे, ते मला कुठे माहीत होतं?"

पुढच्या महिन्यात दुसरी बाई बोलायला उभी राहिली. रविवारी आईच्या बाकावर आता कुणी सल्ला मागायला थांबत नसे.

शनिवारी दुपारी शाळेत पालकांसाठी खुणांचा वर्ग असे. शिकवणाऱ्या बाई स्वतः बहिऱ्या होत्या, अडलं की फळ्यावर लिहीत. वर्गात सगळे तान्ह्या मुलांचे आईवडील, खारूची आई त्यांत वयाने सर्वांत मोठी. चिमटे धरून धरून ताठलेली बोटं वळायलाच तयार नसत. आयुष्यात पहिल्यांदा ती वर्गात ढ होती.

खारूला हे कळलं तेव्हा ती संतापली. "ते माझं आहे," ती ओरडली. आवाज कसा लावायचा, हे विसरून ओरडली. "तिथेही तू येणार? तिथेही चुका काढणार?"

आईला वाटलं होतं, पोर हरखून जाईल. ती म्हणाली, "तुमच्या अंगणात मी येणार नाही. फक्त या टेबलापाशी. आणि चुका तू काढायच्या."

खारू उठून गेली. दोन महिने ती टेबलापाशी हात खाली ठेवूनच बसायची. आई एकटीच बोटं हलवत राही. मीठ. पाणी. उद्या. थकले.

एके दिवशी तिने आठवडाभर घोटलेलं वाक्य केलं. तुझे हात मी अडवले, मला माफ कर. खारू टक लावून बघत राहिली, आणि एकाएकी फिसकन हसली.

"काय झालं?"

"तू म्हणालीस, तुझे हात मी अडवले, मला भांडी घास."

आईलाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले. खारू टेबलाला वळसा घालून आली. तिने आईचा अंगठा धरून आत वळवला, तळवा छातीशी आणला. "असं." मग ते बरोबर वाक्य तिने आईला पुन्हा करायला लावलं. माफ केलं की नाही, ते मात्र सांगितलं नाही.

त्या दिवसापासून त्या घरात प्रार्थना उघड्या डोळ्यांनी होऊ लागली. एक दिवस आई, एक दिवस खारू. खारू देवाशी भरभर बोले, मध्येच भुवया चढवून तक्रारही करी. आईला त्यातले जेमतेम चार शब्द लागत. बाकीचं तुमचं तुम्ही दोघं बघा, असं ती मनात म्हणे.

पंधरा वर्षं पुरी झाल्यावर खारूने शाळेच्या वसतिगृहात राहायचं ठरवलं. आईने फॉर्मवर सही केली. पहिल्या संध्याकाळी तिने सवयीने दोन ताटं काढली आणि एक परत फडताळात ठेवलं. आरशापुढची खुर्ची तिने खिडकीशी नेली, पण तिथे बसून करायचं काय, ते कळेना. पूर्वी एकटेपणा वाटला की ती कामाला लागायची. आता ती नुसती बसून राहिली आणि देवाला म्हणाली, मला करमत नाही. एवढंच.

पहिल्या भेटीच्या दिवशी ती वसतिगृहाच्या बाहेरच्या खोलीत बाकावर जाऊन बसली. खारू चार मैत्रिणींना घेऊन आली. मुलींनी तिला नीट न्याहाळलं, आपसांत काहीतरी ठरवलं, आणि एकीने बोटाने नाकावरचा चष्मा वर ढकलल्यासारखं दोनदा केलं.

"हे काय?"

"तुझं नाव," खारू म्हणाली. "आमच्यात नाव असंच ठेवतात. तू सारखी चष्मा ढकलतेस."

आईने ते नाव करून पाहिलं. मुलींनी माना डोलावल्या. मग त्या आपल्या गप्पांत शिरल्या. सहा-आठ हात हवेत उडत होते, आणि आईला त्यातलं अर्धंही कळत नव्हतं. ती बाकाच्या टोकाला बसून बघत राहिली. परतीची बस सुटायला अजून पाऊण तास होता.