बोटाएवढी सुटकेस

आमच्या ला पास शहरात लोक नोकरीचे अर्ज करतात ते निव्वळ करमणूक म्हणून. खरी भरती चोवीस जानेवारीला, आलासीताच्या जत्रेत होते. घर, मोटार, पदवी, नवरा, जे हवं ते बोटाएवढं विकत घ्यायचं, दुपारी बाराच्या ठोक्याला धुपावर धरायचं, की वर्षभरात ते खरं होऊन दारात येतं. याच जत्रेत माझं दुकान आहे, त्यामुळे या श्रद्धेबद्दल मी वाकडा शब्द काढत नाही.

लिंबर हा माझ्या शेजारणीचा, प्रिमितीवाचा एकुलता एक. बाप्तिस्म्याला मीच त्याला हातांवर धरलं होतं, म्हणून मला मावशी म्हणतो. तो इंजिनिअर झाला आणि त्याची आई त्याचं नावच विसरली. "इंजिनिअर, कचरा टाकून या," अशी हाक सगळ्या गल्लीला ऐकू जायची. पुढे इंजिनिअरसाहेबांनी ऑफिसांचे खेटे घातले. एकाने अनुभव मागितला, दुसऱ्याने अनुभव नाही म्हणून हाकललं, तिसऱ्याने सरळ विचारलं, तू कुणाचा भाचा? तेवढा एकच माणूस प्रामाणिक निघाला. शेवटी पोरगा मिनीबसच्या दारात उभा राहून थांब्यांची नावं ओरडू लागला. उच्चार मात्र अगदी पदवीधराचे.

मग त्याच्या डोक्यात स्पेन शिरला. प्रिमितीवाचं अन्नपाणी सुटलं. नवरा खाणीत गेला, अंथरुणाला खिळलेल्या सासूला वर्षानुवर्षं भरवलं-पुसलं, तीही गेली. आता हाही गेला तर मी सूप कुणासाठी करू, असं मला म्हणाली आणि हुंदके देऊन रडली. मला तिची कीव आली, आणि रागही आला, कारण तिने पोराला अडवायचे जे उपाय योजले ते सगळे माझ्याच दुकानातून जाणारे होते.

जत्रेच्या सकाळी आधी लिंबर आला. लाल सुटकेस, पासपोर्ट आणि विमानाचं तिकीट, सगळं एका काडेपेटीत मावेल एवढं. मी म्हटलं, "स्वतःसाठी स्वतः घेतलेलं फळत नाही रे. दुसऱ्याने भेट द्यावं लागतं."

"मग तू दे ना भेट, मावशी."

मी दिली. पैसे घेतले आणि भेट दिली. धंदा धंद्याच्या जागी.

पाठोपाठ प्रिमितीवा आली. तिला पोरासाठी नोकरीचा करारनामा हवा होता, सरकारी शिक्क्याचा आणि याच शहरातला. "पगार किती लिहू?" मी विचारलं. म्हणाली, काहीही लिही, पण रोज संध्याकाळी घरी येईल असं लिही.

बारा वाजत आले तसे आम्ही तिघं गर्दीतून धूप घालणाऱ्या यातिरीबाबापाशी गेलो. करारनामा तिने लिंबरच्या तळहातावर ठेवला. सुटकेस मात्र पासपोर्ट-तिकिटासकट, "गर्दीत हरवशील, दे इकडे," म्हणत काढून घेतली आणि पाठीवरच्या गाठोड्यात खोल कोंबली. धूर लागला नाही की झालं, असा तिचा हिशेब. चर्चच्या घंटा वाजल्या. बाबाने करारनाम्यावर दारू शिंपडली, पाकळ्या टाकल्या, पुटपुटला. मग त्याचं लक्ष त्या फुगलेल्या गाठोड्याकडे गेलं. "आणि आईसाहेबांनी काय लपवलंय?" असं म्हणून त्याने उरलेली सगळी दारू तिच्या पाठीवर ओतली आणि वरून धूपही फिरवला. प्रिमितीवाचा चेहरा पांढरा पडला.

देवाने दोन्ही अर्ज मंजूर केले. लिंबरला महापालिकेत चिकटवलं. तिथे तो दिवसभर पाट्या टाकतो, करार दर तिमाहीला संपतो, पगार साहेबांच्या लहरीवर येतो, पण संध्याकाळी घरी येतो हे खरं. आणि ऑगस्टमध्ये प्रिमितीवाच्या चुलतबहिणीचा स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाहून फोन आला. तिथल्या एका म्हातारीला भरवायला-पुसायला बाई हवी होती. इंजिनिअर नको होता. अनुभव विचारला, तो हिच्याकडे सासूच्या कृपेने भरपूर होता.

ती नाहीच म्हणत होती. पण घरभाडं पोराच्या पगाराची वाट बघत नव्हतं. सगळे कागद लिंबरनेच भरले. विमानतळावर त्याने तिच्यासाठी आणलेली सुटकेस लालच निघाली, मुद्दाम घेतली की तेवढीच स्वस्त होती, मी विचारलं नाही. तिने त्याची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "सूप फ्रीजमध्ये आहे. गरम करून खा, इंजिनिअर."

या जानेवारीत लिंबर पुन्हा दुकानात आला. कपडे इस्त्रीचे, तोंड उतरलेलं. "मावशी, आईसाठी परतीचं तिकीट दे."

मी सगळी खोकी उपसली. शेजारच्या दुकानांत विचारलं, कागदी माल छापणाऱ्यालाही फोन केला. तो हसला. म्हणाला, बाई, जायची तिकिटं ढिगाने खपतात, परतीचं आजवर कुणी मागितलंच नाही, छापू कशाला? एवढी वर्षं मी हाच माल विकत आले आणि ही गोष्ट माझ्या ध्यानातही आली नव्हती.

बाराला थोडाच वेळ होता. मी जायचंच एक तिकीट घेतलं, त्यावर कोरा कागद चिकटवला आणि पेनाने लिहिलं: व्हॅलेन्सिया ते ला पास. अक्षर वेडंवाकडं आलं. लिंबरने पैसे पुढे केले.

"ठेव खिशात," मी म्हटलं, "ही भेट आहे."