कवळीसाठी दोन दिवस

माझी आई बाळी हिला घड्याळ कळत नव्हतं, आणि मला घड्याळाशिवाय काही कळत नव्हतं. गेल्या पावसाळ्यात भिवंडीच्या गोदामातून एका दिवसाची सुट्टी काढून मी दाभोशाजवळच्या आमच्या पाड्यावर गेलो, तो फक्त कवळीची रानभाजी खायला. माळावर कवळी वीतभर उगवलीही होती. पण पाड्याने देवाला दाखवल्याशिवाय आमच्यात ती कुणी खुडत नाही, आणि तो दिवस जाणत्यांनी परवाचा धरला होता.

“आये, चार पानं खुड. कोण बघतंय?”

“कवळी बघतेय ना,” आई म्हणाली. “आताच खुडली तं मुळात जीव कवा धरल ती? घाई तुला हाये, तिला नाय. दोन दिस ऱ्हा.”

“आणि माझे खाडे काय तुझी कवळी भरणार?”

मी तडकलो. वाढलेला डाळभात अर्धा टाकून जीप पकडली.

तीन दिवसांनी पाड्यातला ढवळू कामासाठी भिवंडीला आला. आईने त्याच्याजवळ शिजवलेली कवळी पळसाच्या पानात बांधून दिली होती. मी जादा कामाला थांबलो होतो. पुडी सोडेपर्यंत भाजी आंबली. कचऱ्यात टाकली. फोनवर आईला म्हणालो, झकास झाली होती. केवढी हसली ती!

माघात आई गेली.

या वर्षी मी आठ दिवसांची सुट्टी मागितली. लगेच मिळाली, हेच मनाला लागलं. गेल्या वर्षी मी एका दिवसापलीकडे मागितलीच नव्हती.

कवळीच्या दिवशी टोपली घेऊन माळाकडे निघालो, तर शेजारच्या सकूकाकीने हटकलं.

“तुझे घरात मयत झालीय, बाबा. वरीस सरल्याबिगर तुझे चुलीवर कवळी नाय चढायची. पुढल्या साली खा.”

“बरं, काकी.” पूर्वी मी भांडलो असतो.

मग रोज माळावर जाऊन नुसता बसायचो. आई जिथे खुडायची, ती जागा काकीने दाखवली. तिथे यंदा कुणी हात लावला नव्हता. पानं जून झाली आणि मधून पांढरी फुलं वर आली. कवळीला फुलं येतात, हे मला चाळिशीत कळलं. आईला सांगावंसं वाटलं आणि रडू आलं.

आठव्या दिवशी जीप आली. मी चढलो नाही. आईने दोन दिवस मागितले होते.